डाव्या दारावरचा हात

मी चाळीस वर्षं गोंदियात मोटारी रंगवल्या. आता हात थरथरतात म्हणून घरी बसलोय, तरी भेटणारा माणूस विचारतोच, की पेंटर, तुमच्या हातची सगळ्यात झकास गाडी कोणती? त्याला वाटतं मी एखाद्या राईस मिलवाल्याच्या काळ्याभोर गाडीचं नाव घेईन, जिच्यात बघून मालक मिशा विंचरायचा. मी ज्या गाडीचं नाव घेतो, तिला मी रंग दिलाच नव्हता. लोक हसतात, म्हणतात म्हातारा चळला. म्हणून म्हटलं, एकदाचं लिहूनच टाकावं. अंकवाल्यांनी पानं दिली आहेत, आणि गोष्टही दिवाळीचीच आहे.

आधी धंदा सांगतो. बाहेरच्याला वाटतं, रंगारी म्हणजे डबा उघडला, ब्रश बुडवला, फासला. मोटारीच्या कामात रंग देणं हे सगळ्यात शेवटचं आणि सगळ्यात सोपं. दहातले आठ दिवस घासण्यात जातात. जुना रंग खरवडायचा, गंज काढायचा, पोचे ठोकायचे, खड्ड्यात पुट्टी भरायची, वाळली की पाण्यात भिजवलेल्या पॉलिश पेपरनं घासायची. पुन्हा भरायची, पुन्हा घासायची. यात बोटांच्या रेषा झिजून जातात. रेशनच्या दुकानात अंगठा उठवायला सांगितला की माझा नुसता निळा डाग उमटायचा, आणि दुकानदार संशयानं बघायचा.

गोंदियात आणखी एक दुश्मन होता, कोंडा. गावभर भाताच्या गिरण्या. दिवसभर त्यांचा कोंडा हवेत उडायचा आणि ओल्या रंगावर येऊन असा बसायचा, जसं काही त्यालाच आमंत्रण होतं. म्हणून आम्ही पहाटे, गिरण्या सुरू व्हायच्या आत रंग द्यायचो. जमीन पाण्यानं भिजवायची, चारी बाजूंनी ओली तरटं टांगायची, आणि शिंक आली तरी दाबायची.

रंगाचं तेल म्हणजे जवसाचं तेल, जे आमच्याकडे भाजीतही पडायचं. या तेलाची गंमत अशी, की ते हवेत उघडं राहिलं की वाळून कातड्यासारखं घट्ट होतं. गोडेतेल कधी वाळत नाही, जवस वाळतं. नुसतं लावलं तर चार-पाच दिवस चिकट राहील. पण दुकानात त्याला घालायचं सुकवणीचं औषध मिळायचं, त्याचे चार थेंब टाकले की एका रात्रीत खडखडीत. हे चार थेंब लक्षात ठेवा.

गिऱ्हाइकं एकेक वल्ली. एका विडी कारखानदारानं विडीच्या बंडलावरचं लेबल आणून दिलं, म्हणाला गाडी डिट्टो अशीच पाहिजे. लेबलात हिरवा, लाल, पिवळा आणि मध्ये एक मोर. मी चारही उतरवले. त्या मोटारीमागे पोरं मैलभर पळायची, आणि त्याच्या विडीचा खप वाढला म्हणे. एका डॉक्टरांनी नवीकोरी काळी गाडी माझ्याकडे पांढरी करायला आणली. का, तर काळी गाडी दारात थांबली की रोग्याच्या घरचे आधीच रडायला लागायचे. मी पांढरी करून दिली. मग रोगी बरे झाले का, ते मी विचारलं नाही.

पण सांगायचं आहे ते टेंभरे पाटलांच्या मोटारीचं. स्वातंत्र्याला सातेक वर्षं झाली होती. मी नागपूरहून हवेचा पंप आणि रंग उडवायची बंदूक आणली होती. तोवर सगळं ब्रशनं चालायचं. कुडव्याच्या रस्त्यावर माझं टिनाचं शेड, शेजारी इंजिनचं काम करणारा लतीफ मिस्त्री. पंप आणून पंधरा दिवस झाले तरी पूर्ण गाडीचं काम आलं नव्हतं. लतीफ रोज चहा पिताना म्हणायचा, "उस्ताद, तब तक इससे साइकिल में हवा भरो."

अशात देवरीकडच्या एका गावाहून प्रेमलाल टेंभरे नावाचा तरुण आला. अंगात साधा सदरा, पण तोरा मोठा. वडील, हिरदेराम टेंभरे पाटील, पूर्वीचे मालगुजार, म्हणजे गावाचा सारा गोळा करणारे जमीनदार. मालगुजारी कायद्यानं गेली होती, जंगल गेलं होतं, धानाची जमीन राहिली होती आणि गोठ्यात एक मोटार. लढाईच्या आधी घेतलेली, अमेरिकन बनावटीची, कापडी टपाची. सात वर्षं गोठ्यात उभी. लतीफ तिकडे जाऊन चार दिवस राहिला, सीटमधून उंदरांची तीन बिऱ्हाडं काढली, आणि एका दुपारी धूर सोडत, खोकत मोटार माझ्या दारात घेऊन आला. मुळात मरून रंग, आता सुकलेल्या वांग्याच्या सालीसारखा. वर शेण, चिमण्यांची घाण, कोळ्यांची जाळी.

"पेंटरभाऊ, पुरा रंग खरवडून काढा," प्रेमलाल म्हणाला. "क्रीम कलर मारा, चकचकीत. दिवाळीच्या आंधी बाईले आनाले जाऊन राहिलो आमी. तिच्या सासरच्यायनं डोळे फाडून पाहाले पाह्यजे."

बाई म्हणजे त्याची थोरली बहीण यमुना, तिरोड्याकडे दिलेली. माझे हात शिवशिवायला लागले. क्रीम रंग, नवी बंदूक, अख्खी मोटार. मी दुसऱ्याच दिवशी उजव्या अंगानं सुरुवात केली. पाणी मारलं, चिखल काढला. उजव्या मागच्या दारावर तांबूस डागांचा एक पट्टा होता. गंज. गंज मी दहा हातांवरून ओळखतो असं मी सगळ्यांना सांगायचो. पॉलिश पेपर घेतला आणि अर्ध्या तासात ते दार पत्र्यापर्यंत साफ केलं.

मग डाव्या अंगाला गेलो. तिकडे तेलकट मळ होता म्हणून रॉकेलच्या चिंधीनं पुसायला घेतलं. डाव्या मागच्या दारावर पुन्हा तांबूस डाग. पुसता पुसता एक बोट दिसलं. मग दुसरं. मग पाचही, आणि खाली तळवा. लहान पोराचा हात, गेरूचा. मी साबण लावला, रॉकेल लावलं, हात जागचा हलेना. नखानं खरवडून पाहिलं आणि वास घेतला, तेव्हा कळलं. कुणीतरी जवसाच्या तेलात गेरू कालवून हा हात उठवला होता. म्हणजे त्या माणसानं नकळत अस्सल रंग तयार केला होता, जसा मी रोज करतो, आणि माझ्यापेक्षा चांगला.

आणि मग मी चिंधी खाली ठेवली. उजव्या दारावरचा तो पट्टा मला आठवला. त्यालाही वर चार टोकं होती.

तिसऱ्या दिवशी हिरदेराम पाटील स्वतः आले, आमगावहून रेल्वेनं. उंच, वाळका माणूस, डोक्याला पागोटं, पायात करकरणाऱ्या वहाणा. मोटारीचं उजवं अंग मी भिंतीकडे करून ठेवलं होतं. हे मुद्दाम केलं होतं, कबूल करतो. ते डाव्या दारापाशी आले आणि खाली वाकले.

"रंग नोको मारू, पेंटर," ते म्हणाले.

प्रेमलाल तिथंच होता. "काऊन, बाबा?"

"हा हात माह्या यमुनेचा होय. आठ वर्साची होती. तू त रांगत होता. दसऱ्याले मोटारीची पूजा केली. हळदीचा हात मारला त गुळगुळीत पत्र्यावून घसरून जाये. मंग तुह्या मायनं जवसाच्या तेलात गेरू कालवला. एक हात तिनं त्या अंगाच्या दारावर मारला, एक यमुनेनं इकडच्या. आन् पोरीले सांगतलं, याच मोटारीत बसून सासरी जाजो."

यमुनेची आई त्याच हिवाळ्यात तापानं गेली. तिचा फोटो कधी काढलेला नव्हता. प्रेमलाल लहानपणापासून नागपूरला मामाकडे, त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. पुढचं पाटलांनी जमिनीकडे बघत सांगितलं. स्वातंत्र्याच्या आदल्या उन्हाळ्यात यमुनेचं लग्न झालं. पाठवणीच्या दिवशीच कुणी गोरा साहेब शिकारीला आला आणि त्यानं मोटार मागितली. मालगुजारानं साहेबाला नाही कसं म्हणावं? मोटार साहेबाला गेली आणि लेक रेंगीतून, म्हणजे छपराच्या बैलगाडीतून, सासरी गेली. जाताना एवढंच म्हणाली, मोटार घ्यायला येईल तेव्हाच माहेरी येईन. साहेबानं मोटार परत केली. पाटलांनी ती गोठ्यात घातली आणि पुन्हा हात लावला नाही. बाप तसाच, लेक तशीच. सात वर्षं.

"मंग आता काऊन चालले?" लतीफनंही न राहवून त्यांच्याच बोलीत विचारलं.

"आता साहेब बी गेला, मालगुजारी बी गेली," पाटील म्हणाले. "अकड तेवडी राह्यली. ते कायले ठेवू?"

प्रेमलाल मात्र ऐकेना. "बाबा, लोक हासतीन. म्हनतीन, मालगुजारी गेली त मोटारीवरचा रंगबी गेला."

"गेलीच हाये ना. मंग खोटं का म्हनतीन?"

इथं मी मध्ये तोंड घातलं. माझा पंप कोपऱ्यात बसून माझ्याकडे बघत होता. मी म्हटलं, पाटीलजी, हाताएवढी चौकट सोडतो, बाकी गाडी क्रीम करतो. लेकीचा हातही राहील आणि मुलाची हौसही. वास्तविक मला ठाऊक होतं, की नव्या रंगाच्या मध्ये जुन्याचा तुकडा ठिगळासारखा दिसतो. मोटार एकतर सगळी नवी करायची नाहीतर सगळी जुनी ठेवायची, मधला रस्ता या धंद्यात नाही. तरी बोललो, लोभ वाईट.

पाटलांनी नकाराची मान हलवली. "ते चौकट फोटोवानी दिसन. मेल्या मानसाले लावतेत तशी. माही पोरगी जिती हाये, पेंटर."

विषय संपला. प्रेमलाल फुरंगटून बाहेर जाऊन उभा राहिला. लतीफनं माझ्या पंपावर फडकं टाकलं, अगदी प्रेमानं.

मग मी जे काम केलं ते आयुष्यात पहिल्यांदाच केलं. जुना रंग जपण्याचं. साबण नको, पेपर नको. गिरणीतला बारीक कोंडा आणला, ज्याला मी जन्मभर शिव्या घातल्या. त्याच्या अंगी थोडं तेल असतं. मऊ फडक्यात घेऊन गोल गोल चोळला, वर जवसाचा पुसट हात. आठ दिवसांत त्या वांग्याच्या सालीतून खोल, जुना मरून वर आला. चकाकी नाही, पण तेज. ओरखडे राहिले, पोचे राहिले, ऊन लागून फिका पडलेला भाग राहिला. आणि मी नागडं केलेलं उजवं दार या सगळ्याशी जुळवायला मला जो घाम फुटला, तो नवीन गाडी रंगवताना कधी फुटला नव्हता. मरूनमध्ये काजळी, काजळीत पिवळी माती, वर चहाचं पाणी. सात वेळा लावलं, सहा वेळा पुसलं. शेवटी दार असं जुळलं, की लतीफलाही ओळखता आलं नाही.

फक्त त्यावर हात नव्हता.

मनात पाप आलं. गेरू तर आहे, जवस तर आहे. मी एका डब्यात दोन्ही कालवलं, लवकर वाळावं म्हणून सुकवणीच्या औषधाचे चार थेंब टाकले, आणि दुपारी बायकोला शेडमध्ये बोलावलं. म्हटलं, या दारावर तुझा उजवा हात मार.

"कोनाचा म्हनून?" तिनं विचारलं. मी सगळं सांगितलं. तिनं दोन्ही हात पदराखाली घेतले. "काऊन जी, मेलेल्या बाईचा हात मी कशी मारू? आन् पोरगी ओळखन. मायचा हात पोरीले ओळखू येते."

ती घरी गेली. मी डब्यावर झाकण लावलं. दुसऱ्या दिवशी पाटील मोटार न्यायला आले. डाव्या दारापाशी थांबले, मान हलवली. उजव्या अंगाला गेले आणि त्यांनी हात नसलेल्या दारावरून बोटं फिरवली. मी काही न सांगता पुसलेलाच पत्रा पुन्हा पुसू लागलो.  ते नुसतं म्हणाले, "चाला." मी म्हटलं, वाटेत काही लागलं तर मी सोबत येतो. रंगाऱ्याला वाटेत काय लागणार? पण कुणी हटकलं नाही. डबा मी पायाशी ठेवला.

लतीफ चालवायला, शेजारी पाटील, मागे प्रेमलाल आणि मी. बाहेर आरशाला छागल, म्हणजे जाड कापडाची पाण्याची पिशवी, टांगलेली, काठोकाठ भरलेली. ही छागल इंजिनासाठी नव्हती. पाटील जुन्या वळणाचे. ज्या घरी लेक दिली तिथलं अन्न तर नाहीच, पाणीही घ्यायचं नाही. सकाळी जायचं, लेकीला घ्यायचं, दिवस बुडायच्या आत परत. घरून बांधून आणलेली भाकर वाटेत झाडाखाली खायची, असा बेत होता.

लेकीच्या गावात मोटार शिरली तसे लोक गोळा झाले. "जुनी मोटार होय का?" एकानं मोठ्यानंच विचारलं. प्रेमलालनं मान खाली घातली. यमुनाबाई ओसरीवर आली. कडेवर दीड-दोन वर्षांचं पोर. तिनं मोटार ओळखली, पण पायरी उतरली नाही.

"सात वर्सं लागले, बाबा."

"मोटार बंद होती, बाई."

"मोटार नाई. तुमी बंद पडले होते."

गर्दीत कुणी हसलं नाही. पाटलांनी पागोटं नीट केलं, जे नीटच होतं. "हो," ते म्हणाले. "मीच."

तेव्हा ती खाली उतरली. डाव्या दारापाशी आली, आणि तो लहान हात तिनं पाहिला. त्यावर आपला हात ठेवला. खालचा ठसा पूर्ण झाकला गेला. ती हसली, पोराला दाखवलं, काहीतरी पुटपुटली. आणि मग, ज्याची मला धास्ती होती, ती मोटारीला वळसा घालून उजव्या अंगाला गेली.

"मायचा हात?"

"उन्हापावसानं गेला असन," पाटील म्हणाले. माझ्याकडे न बघता.

तेव्हा मला कळलं, की या माणसाला पहिल्या दिवसापासून नाही तरी सकाळपासून सगळं ठाऊक होतं, आणि तो माझ्यासाठी लेकीशी खोटं बोलत होता. ते मला सोसलं नाही. मी पुढे झालो. "बाई, मी घासला. गंज समजून."

"गंज?"

"हो."

ती फुटबोर्डावर बसली आणि रडली. मोठ्यानं नाही.  मी डबा आणून तिच्यापुढे ठेवला आणि तोही गुन्हा सांगितला. गेरू आहे, जवसातला. खोटा हात मारायला कालवला होता, बायकोनं हात दिला नाही.

तिनं डोळे पुसले. "तिनं बरं केलं," म्हणाली. डब्याचं झाकण काढून वास घेतला. मग पोराला उचलून पाटलांच्या हातात दिलं. आजोबांनी नातवाला पहिल्यांदा धरलं ते असं, कोंबडं धरावं तसं, दोन्ही हात लांब करून. तिनं उजवा तळवा गेरूत बुडवला आणि त्या दारावर ठेवला. अगदी हलकेच दाबला आणि उचलला.

पाटील बघत राहिले. "तिच्याएवडाच झाला तुहा हात," ते म्हणाले. पोरानं त्यांचं पागोटं ओढलं, तेही त्यांना कळलं नाही.

"वाळाले किती येळ लागन, भाऊ?" यमुनाबाईनं मला विचारलं.

मी छागलीकडे पाहिलं, पाटलांकडे पाहिलं. "चार दिवस," मी म्हटलं. "तोवर मोटार हलवायची नाही. रस्त्याची धूळ बसली की ठसा गेला."

लतीफनं माझ्याकडे पाहिलं. चार थेंब टाकताना तो शेजारीच चहा पीत होता. त्यानं शांतपणे किल्ली काढून खिशात घातली. "हाँ, चार तो लगेंगे," म्हणाला. "पाँच भी लग सकते हैं." आणि ओसरीवर जाऊन त्यानं बूट काढले.

संध्याकाळपर्यंत पाटील छागलीवर तगून राहिले. अंधार पडता पडता ती रिकामी झाली. लेकीनं ताट वाढलं, नव्या तांदळाचा भात आणि वर जवसाची चटणी. ते पाटावर बसले. चटणीत भात कालवला आणि एक घास घेतला. यमुनाबाई आत वळली, ती बराच वेळ बाहेर आली नाही.

सकाळी सगळ्यांच्या आधी उठून मी मोटारीपाशी गेलो आणि ठशाला हळूच बोट लावलं. खडखडीत वाळला होता. मागे वहाणा करकरल्या. पाटील उभे.

"वाळला का, पेंटर?"

"नाही जी. ओला आहे अजून."

त्यांनी स्वतः बोट लावलं. दाबून लावलं. मग बोट डोळ्यांपाशी धरून पाहिलं, लख्ख कोरडं.

"हो," ते म्हणाले, "ओलाच हाये." आणि घराकडे तोंड करून हाक मारली, "यमुने, चाय मांड वो."